६ डिसेंबर, हॉल रिकामा: एका लग्नाचं प्रकरण

सप्टेंबर २०२३. मुलगी, तिची आई आणि मावशी, तिघी माहीमच्या आमच्या एका खोलीच्या वेडिंग प्लॅनिंग ऑफिसात बसल्या होत्या. मागण्या साध्या होत्या. हॉल दादरला, साडेतीनशे पानं, सगळं मिळून आठ लाखांच्या आत. मी त्यांच्यासमोरच एका हॉलच्या मॅनेजरला फोन लावला. तो रिकाम्या तारखा सांगत गेला, मी त्या मोठ्याने म्हणत गेले. "आणि ६ डिसेंबर आहे. बुधवार, पण अख्खा दिवस मोकळा. भाडंही कमी करतोय."

कोणी काही बोललं नाही. मला वाटलं, बुधवार नको असेल. मग आई म्हणाली, "त्या दिवशी आम्ही रांगेत असतो, ताई." आवाज चढलेला नव्हता. मावशी खिडकीबाहेर बघत होती.

माझा जन्म दादरचा. चैत्यभूमी आमच्या घरापासून चालत पंधरा मिनिटांवर. लहानपणी ६ डिसेंबर म्हणजे आमच्या घरात 'आज शिवाजी पार्ककडे जाऊ नका, गर्दी आहे' एवढं एक वाक्य. महापरिनिर्वाण दिन हा शब्द माहीत होता, रेल्वेच्या जादा गाड्यांच्या बातमीत दरवर्षी वाचलेला. पण फोनवर तारीख ऐकताना डोक्यात काही वाजलं नाही. हॉल नेमका त्या दिवशी रिकामा का, भाडं का पाडतायत, हेही विचारावंसं वाटलं नाही.

त्या उठून गेल्या असत्या तर मी थांबवलं नसतं. गेल्या नाहीत त्या मुलीमुळे. ती हसली आणि आईला म्हणाली, "चला, सिरीज सुरू झाली."

हे प्रकरण मी आमच्याकडे नव्याने लागणाऱ्या मुलींना तोंडी सांगत आले आहे. दर वेळी काहीतरी सुटतं, म्हणून एकदा लिहून काढते. ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.

सिरीज

सिरीज म्हणजे 'मेड इन हेवन'. झोया अख्तर आणि रीमा कागती यांची, प्राइम व्हिडिओवरची. पहिला सीझन मार्च २०१९मध्ये आला, दुसरा १० ऑगस्ट २०२३ला, म्हणजे आमच्या भेटीच्या महिनाभर आधी. दिल्लीत तारा आणि करण यांची वेडिंग प्लॅनिंग कंपनी, भागागणिक एक लग्न, आणि लग्नाच्या झगमगाटाखाली दडपलेलं काहीतरी. कधी हुंडा, कधी मुलीचा रंग, कधी पत्रिकेतला मंगळ. आमच्या धंद्यातल्या बहुतेकांनी ती डेकोरसाठी बघितली, हे कबूल करायला हरकत नाही. फुलांच्या कमानी थांबवून थांबवून बघायच्या आणि फुलवाल्याला स्क्रीनशॉट पाठवून विचारायचं, हे दादरला कितीत होईल? तो म्हणायचा, ताई, दादरला होणार नाही. तिथली लग्नं महालात लागतात. आमची हॉलच्या सकाळच्या पाळीत, आठ ते तीन. तीनला पाच मिनिटं असताना मॅनेजर दिवे घालवायला लागतो.

दुसऱ्या सीझनचा पाचवा भाग नीरज घेवान यांनी केलेला आहे. राधिका आपटे त्यात पल्लवी मेनके, अमेरिकेत शिकवणारी, पुस्तक लिहिलेली दलित स्त्री. लग्नात बौद्ध विधी झालाच पाहिजे, यावर ती अडून बसते, आणि सासरच्या शिकल्यासवरल्या, गोड बोलणाऱ्या माणसांची अडचण हळूहळू वर येते. पांढऱ्या साडीतली नवरी, बुद्धांची आणि बाबासाहेबांची प्रतिमा. एवढ्या मोठ्या हिंदी मालिकेत हे लग्न मी तरी पहिल्यांदाच पाहत होते. पुढे लेखिका याशिका दत्त यांनी आपल्या लेखनाचा आणि आयुष्याचा वापर श्रेय न देता झाल्याचं म्हटलं, निर्मात्यांनी ते नाकारलं, त्यावर बरंच बोलणं झालं.

आमच्या मुलीने तो भाग आईबरोबर दोनदा पाहिला होता. पहिल्यांदा आई रडली. दुसऱ्यांदा तिने विचारलं, हा हॉल कुठे आहे?

घराणी सांगायची तर मुलीचं घर मूळ वरळीच्या बीडीडी चाळीतलं, १६० चौरस फुटांच्या खोलीतलं. आता विक्रोळीला, कन्नमवार नगरात. मुलगा लालबागचा, मराठा. त्याच्या आईचं माहेर देवगडकडे. दोघं एकाच बँकेत कामाला. दोन्ही घरांचा होकार आमच्याकडे येण्याआधीच झालेला होता. हे मुद्दाम सांगते, कारण पुढचे दोन महिने मी विरोध शोधत होते. मी सिरीज पाहिली होती ना. लालबागचे लोक गोड बोलतायत म्हणजे आता काहीतरी निघणार, अशी माझी खात्री होती.

फॉर्म

तारीख १८ फेब्रुवारी २०२४ ठरली. रविवार, आणि दुसऱ्या दिवशी शिवजयंतीची सुट्टी, म्हणजे देवगडच्या मंडळींना परतीला सोयीचं. विक्रोळी-भांडुपकडून येणाऱ्यांसाठी रविवारचा मेगाब्लॉक गृहीत धरून दोन बस.

आमच्याकडे पहिल्या भेटीत एक फॉर्म भरतात. दहा वर्षांपूर्वी मीच केलेला, आणि त्याचा मला अभिमान होता. त्यातल्या पहिल्या पानावरच्या ओळी अशा: मुहूर्त. गोत्र, दोन्ही बाजू. कुलदैवत. गुरुजी कोणाचे. होमाला हॉलची परवानगी. सनई रेकॉर्डेड की प्रत्यक्ष. अंतरपाट कोण धरणार. मुलीचा मामा, मुलाचा मामा.

मुलीने पेन घेऊन एकेक ओळ काट मारत आणली. रागाने नाही, हिशोबाची वही तपासावी तशी. शेवटी पानावर दोन गोष्टी उरल्या: मोबाइल नंबर आणि मामा.

आम्ही फॉर्मला 'जनरल' म्हणायचो. ख्रिस्ती लग्नांसाठी वेगळा होता, गुजरात्यांसाठी वेगळा, आणि हा जनरल. त्याच्या वर तसं छापलेलंच होतं.

मुहूर्त गेला की काय काय जातं, हे त्या दिवशी कळलं. आमचं अख्खं वेळापत्रक मुहूर्ताला टांगलेलं असतं. मुहूर्त ११.४२ म्हणजे नवरी ११.३०ला स्टेजवर, म्हणजे मेकअप ७.१५ला, म्हणजे पार्लरवालीची गाडी ६.३०ला, आणि जेवण १२.३०ला. मुहूर्त काढून घेतल्यावर सगळे मणी जमिनीवर. केटरर विचारतो, लग्न किती वाजता लागणार? मी म्हटलं, अकरा. तो म्हणाला, अकरा म्हणजे अकरा किती?

यादी

विधी लावणारे बौद्धाचार्य भांडुपचे, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, अतिशय टापटीप गृहस्थ. त्यांनी वहीच्या कागदावर यादी दिली: टेबल, त्यावर पांढरं कापड, तथागतांची आणि बाबासाहेबांची प्रतिमा, मेणबत्त्या, अगरबत्ती, फुलं, पांढरं सूत, तांब्यात पाणी, पिंपळाचं पान. खाली एक ओळ, अधोरेखित: 'प्रतिमा वधूवरांच्या आसनापेक्षा उंच असाव्यात.'

कागद बघून मी मनात म्हटलं, एवढंच? होम नाही, धूर नाही, हॉलची वेगळी परवानगी नाही. दोन हजारांत सामान. सगळ्यात सोपं लग्न.

अडलं ते स्टेजवर.

दादरच्या हॉलमधलं स्टेज एका गोष्टीसाठी बांधलेलं असतं. मागे पडदा, मधे राजाराणीच्या खुर्च्या, समोर लोक, समोर कॅमेरा. आमच्या डेकोरवाल्याने प्रतिमा स्टेजच्या मधोमध मागे ठेवल्या, त्यांच्यापुढे खुर्च्या. बौद्धाचार्य लग्नाच्या आठ दिवस आधी हॉल बघायला आले, दोन मिनिटं उभे राहिले आणि विचारलं, "वंदना कशी करायची? पाठ करून?" बरोबर होतं. वधूवरांनी प्रतिमांकडे तोंड करून वंदना करायची, प्रतिज्ञा घ्यायच्या. म्हणजे पाठ लोकांकडे. हे ऐकून फोटोग्राफर हबकला. "दोन लाखांच्या पॅकेजमध्ये पाठीचे फोटो?" पॅकेज ऐंशी हजारांचं होतं, पण ते असो.

सिरीजमध्ये कॅमेरा कुठूनही येतो, वरून, फुलांतून. आमच्या हॉलमध्ये कॅमेऱ्याच्या जागा तीन, आणि त्यातली एक खांबामागे. शेवटी डेकोरवाल्याच्या पोऱ्याने, जो एरवी फक्त खिळे ठोकतो, तोड काढली. प्रतिमांचं टेबल स्टेजच्या डाव्या अंगाला, तिरकं, फूटभर उंच चौथऱ्यावर. वधूवर त्याच्याकडे वळून उभे राहिले की लोकांना त्यांचा कडेचा चेहरा दिसतो आणि प्रतिमा सगळ्या हॉलला दिसतात. तो म्हणाला, "आमच्या नाक्यावर १४ एप्रिलला स्टेज असंच लावतात." पाच वर्षं तो माझ्याकडे होता. मी कधी विचारलं नव्हतं. त्यानेही सांगितलं नव्हतं.

मामाचं राहिलं. मुलीचा मामा फोन करून विचारत होता, अंतरपाट नाही तर मग मी काय करू? माणूस खरंच कासावीस झाला होता. त्याला दारापासून स्टेजपर्यंत मुलीला घेऊन यायचं आणि पहिली मेणबत्ती लावायची, असं बौद्धाचार्यांशी बोलून ठरवलं. त्याने त्यासाठी नवा सदरा शिवला.

हळद

इथे माझी खरी चूक झाली.

६ डिसेंबरच्या प्रकाराने मी इतकी खजील झाले होते की मी वाचन सुरू केलं. नागपूरला १९५६च्या धम्मदीक्षेत दिलेल्या बावीस प्रतिज्ञा वाचल्या. ब्राह्मणाच्या हातून क्रियाकर्म करून घेणार नाही, ही आठवी. पाचवा भाग तिसऱ्यांदा पाहिला. आणि जानेवारीत मुलाच्या आईने फोन करून विचारलं, "उष्टी हळद कधी पाठवायची गं त्यांच्याकडे?" तेव्हा मी जाणकाराच्या आवाजात सांगितलं, "काकू, बौद्धांमध्ये हळद नसते. नका पाठवू, त्यांना आवडणार नाही."

काकू बरं म्हणाल्या. चार दिवसांनी मुलीच्या मावशीचा फोन. "आमच्यात हळद नसते, असं कोणी सांगितलं त्यांना? आमची शुक्रवारी हळद आहे. डीजे सांगितलाय. त्यांच्याकडनं कुणी येणार नाही म्हणतात. आमची हळद चालत नाही का त्यांना?"

म्हणजे लालबागला वाटलं, विक्रोळीला आवडणार नाही. विक्रोळीला वाटलं, लालबागला चालत नाही. दोन्हीकडच्या माणसांनी चार महिन्यांत एकमेकांना एक वावगा शब्द बोललेला नव्हता. तो शब्द मी तयार करून मधे ठेवला. आधी काही माहीत नसल्यामुळे चुकले, नंतर थोडं माहीत झाल्यामुळे.

मग कळलं की हळदीवरून भांडण आहे, पण ते त्यांच्या घरातच आहे, आणि माझ्या फार आधीपासून आहे. मुंबईतल्या कितीतरी बौद्ध घरांत हळद होते, वाजतगाजत होते. आणि त्याच घरांतली जुनी माणसं म्हणतात, हे टाकून द्यायला सांगितलं होतं, तुम्ही परत उचलून आणलंत. इथे ते जुनं माणूस म्हणजे मुलीची आजी. मी माफी मागायला विक्रोळीला गेले, तेव्हा ती खाटेवर पाय सोडून बसली होती. पांढरं पातळ, कानात काही नाही, समोर चहाची बशी.

"बस. तूच का ती सहा तारीख देणारी?"

मी हो म्हटलं.

तिने मग तिची गोष्ट सांगितली. ती आठ वर्षांची होती. ७ डिसेंबर १९५६, दादर चौपाटी, बाबासाहेबांचा अंत्यविधी. वडिलांच्या खांद्यावर बसून तिने माणसांचा तो समुद्र पाहिला. तिथेच भदन्त आनंद कौसल्यायन यांनी जमलेल्या प्रचंड जनसमुदायाला दीक्षा दिली, त्यात तिच्या घरातली सगळी होती. "बाबासाहेब मुंबईत दीक्षा देणार होते. त्यांच्या हातनं राहिली. तिथंच घेतली आम्ही. मला काय कळत होतं? वडील हात जोडायचे, मी जोडायची. घरी आल्यावर माझ्या आईनं देव्हारा उचलला. तिला कळत होतं."

हळदीबद्दल तिचं म्हणणं दोन वाक्यांचं होतं. "पोरीला पिवळी करायची ती कुणाला दाखवायला? तिचा रंग काय वाईट आहे?"

मावशी आतून ओरडली, "आई, मज्जा असते ती! लग्नात मज्जा नको?"

मुलगी दाराशी उभी होती. तिला हळद हवी होती. सिरीजसारखं पांढरं लग्नही हवं होतं, आणि आजीही हवी होती. ती मला नंतर जिन्यात म्हणाली, "त्या पल्लवीचं बरं होतं. तिला फक्त सासरच्यांशी भांडायचं होतं."

मी या बाबतीत काहीही ठरवलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा असेल. फक्त लालबागला जाऊन काकूंना सांगितलं की मी चुकीचं बोलले, हळद आहे, तुम्हाला बोलावलंय. काकू म्हणाल्या, "मग उष्टी हळद?" मी म्हटलं, ते त्यांनाच विचारा. त्यांनी थेट मावशीला फोन लावला, मी समोर बसलेली असतानाच. पंधरा मिनिटं बोलल्या, त्यातली दहा गुडघेदुखीवर. उष्टी हळद नको असं ठरलं, पण पाच बायका येतील असं ठरलं. शुक्रवारी कन्नमवार नगरात इमारतीच्या खाली हळद झाली. डीजेने रात्री दहाच्या ठोक्याला गाणी बंद केली, पोलिसांची गाडी नाक्यावर असल्यामुळे. आंबेडकरी लोककवी वामनदादा कर्डकांची गाणी त्याआधी तासभर चालली होती आणि लालबागच्या पाच बायका त्यावर नाचल्या. आजी खाली आली नाही. दुसऱ्या दिवशी तिने विचारलं म्हणे, कोण कोण नाचलं.

काका आणि कलम ७

मुलाचे काका पोस्टातून निवृत्त. त्यांचा मुद्दा धर्माचा नव्हता, कागदाचा होता. होम नाही, सप्तपदी नाही, मग लग्न कायद्याने लागलं कसं म्हणायचं? उद्या पासपोर्टला अडलं तर?

याचं उत्तर साधं आहे आणि आमच्या धंद्यातही फार जणांना येत नाही. हिंदू विवाह कायदा, १९५५ बौद्धांनाही लागू होतो. त्याचं कलम ७ सांगतं की विवाह दोघांपैकी कोणाही एका पक्षाच्या रूढीप्रमाणे लागू शकतो. सातव्या पावलाची अट आहे ती ज्या रूढीत सप्तपदी आहे तिथे. म्हणजे बौद्ध विधी एकटा पुरेसा. मुलगा हिंदू, मुलगी बौद्ध, म्हणून विशेष विवाह कायद्याखाली जाऊन ३० दिवसांची नोटीस लावायचीही गरज नव्हती. पुढे महाराष्ट्राच्या १९९८च्या कायद्याप्रमाणे महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात नोंदणी, तीन साक्षीदार. काकांनाच एक साक्षीदार केलं.

एप्रिल २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की विधी झालेलेच नसतील तर नुसत्या प्रमाणपत्राने हिंदू विवाह होत नाही. काकांनी ती बातमी मला पाठवली, खाली तीन प्रश्नचिन्हं. मी कलम ७चा फोटो परत पाठवला. निळ्या टिका आल्या, उत्तर आलं नाही.

अक्षता

पत्रिका दोन छापल्या होत्या. मुलीकडची बुद्ध आणि बाबासाहेबांच्या चित्रांची, 'मंगल परिणय'. मुलाकडची 'श्री गणेशाय नमः'वाली. यावर कोणीही काही बोललं नाही. अशा लग्नांत पत्रिका दोनच असतात.

काकूंनी एकच मागणी केली होती, आणि तीही मला बाजूला घेऊन. चार अक्षता तरी पडू देत. गावची माणसं दहा तास प्रवास करून येणार, हातात अक्षता नाहीत तर त्यांना लग्न लागल्यासारखं वाटायचं नाही. मी ते आजीपर्यंत नेलं. आजी म्हणाली, "तांदूळ खायचे असतात. आम्हाला ते मिळत नव्हते तेव्हा लोक फेकत होते." यावर मी काय बोलणार. काकूंना फुलांच्या पाकळ्या आहेत असं सांगितलं. त्या म्हणाल्या, बरं.

१८ तारखेला अकराचे अकरा वीस झाले. साउंडवाल्याचा पेनड्राइव्ह लावला आणि सनई सुरू झाली, ती मुलीच्या भावाने धावत जाऊन बंद केली. एवढा एक प्रकार सोडला तर मला ज्याची धास्ती होती ते काहीच झालं नाही. माझ्या कागदावर लाल शाईने लिहिलेलं होतं: 'त्रिशरण-पंचशीलाला सगळ्यांना उभं राहायला सांगणे. मुलाकडचे??' बौद्धाचार्यांनी माइकवर विनंती केली आणि सगळा हॉल उभा राहिला. देवगडची मंडळी तर आधीच उभी होती. मंगलाष्टकांना आपण उभेच राहतो की, लग्न लागताना बसून कोण राहतं? दोन प्रश्नचिन्हांवर मी एक रात्र जागले होते.

वधूवरांनी प्रतिमांना हार घातले, मेणबत्त्या लावल्या. मामाचा हात थरथरत होता. दोघांनी एकेक करून प्रतिज्ञा म्हटल्या. त्यातली पत्नीचा मान राखीन, तिचा अपमान करणार नाही, ही मुलाने इतक्या मोठ्याने म्हटली की मित्रांनी शिट्ट्या मारल्या आणि बौद्धाचार्यांनी चष्म्यावरून बघितलं. एकमेकांना हार घातले. जयमंगल अष्टगाथा सुरू झाली, प्रत्येक गाथेला पाकळ्या, शेवटी साधु, साधु, साधु. घड्याळात ११.५८.

केटररचे भात लागायला अजून अर्धा तास. मी या अर्ध्या तासासाठी काहीही ठेवलेलं नव्हतं, कारण माझ्या सवयीच्या लग्नात विधी कधी लवकर संपतच नाही. साडेतीनशे माणसं, लग्न लागलेलं, जेवण नाही. मॅनेजर माझ्याकडे बघतोय. तेवढ्यात फोटोची रांग आपोआप लागली आणि ती जेवणापर्यंत पुरली. आजी आणि काकू पहिल्या रांगेत शेजारीशेजारी बसून होत्या. काकूंच्या मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात.

तीनला पाच मिनिटं असताना दिवे गेले. कार्पेटवाले गुंडाळायला लागले तसा मी खाली बघत उभी होते, कानातलं कोणाचं पडलं का ते. गुलाबाच्या पाकळ्यांत, डाव्या बाजूच्या तिसऱ्या-चौथ्या रांगेच्या आसपास, पिवळे तांदूळ. फार नव्हते, एखादी मूठ. मी कोणाला काही सांगितलं नाही.

आठवड्याने हॉलचं डिपॉझिट परत आलं. पंचवीस हजारांतून पाचशे कापलेले. पावतीवर मॅनेजरने स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, 'कार्पेट सफाई, तांदूळ.' हिशोब निम्मा-निम्मा दोन्ही घरांत वाटायचा ठरलेला होता. ही ओळ कुठे घालावी ते मला सुचेना, म्हणून मी ती आमच्या कंपनीच्या किरकोळ खर्चात घातली आणि दोन्हीकडे हिशोब पाठवून दिला, पावत्यांच्या फोटोंसकट.

संध्याकाळी काकूंचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलल्या, फोटो कधी मिळणार ते विचारलं. ठेवता ठेवता म्हणाल्या, "आणि ते पाचशे आमच्याकडे लाव गं."